‘मस्टरबाहेर’: एका कादंबरीच्या कामाची वही

कादंबरी लिहून ती स्वतः छापू पाहणाऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून ही वही जवळजवळ आहे तशी देते आहे. घरगुती मजकूर तेवढा गाळलाय. मी सांगोल्यात माध्यमिक शाळेवर मराठी शिकवते. याआधी दोन-चार कथा छापून आल्या होत्या, कादंबरी ही पहिलीच.

१७ जून २०१९
शाळा आज उघडली. कादंबरीलाही आजच हात घातला. विषय बाहत्तरचा दुष्काळ. आई तेव्हा तेरा वर्षांची, माण नदीकाठच्या गावात, खडी फोडायच्या कामावर. लहानपणापासून घरात ऐकत आलेय. पहाटे साडेचार ते सहा अशी वेळ धरलीय, कारण सहाला नळाला पाणी येतं आणि मग दिवस हातात राहत नाही. रोज हाताने दोन पानं. वर्षात संपेल असा अंदाज.

२८ जुलै २०१९
सहा आठवड्यांत एकतीस पानं. दर चार ओळींना अडते. तेव्हा गावात बॅटरी होती का? चहात साखर की गूळ? बाई कामावर चप्पल घालून जायची का? उठून आईला विचारायला जाते, गप्पा लागतात, पहाट संपते.

म्हणून गेल्या रविवारपासून असं ठरवलंय: माहीत नसेल तिथे चौकोन काढायचा आणि पुढे जायचं. सगळे चौकोन रविवारी दुपारी आईसमोर. या आठवड्यात नऊ पानं झाली, म्हणजे युक्ती चालतेय.

९ नोव्हेंबर २०१९
दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस सोलापुरात बसून जुन्या दैनिकांच्या बांधीव फायली चाळल्या. १४० पानं टिपणं. राहणं-जेवण-प्रवास मिळून २,३०० रुपये. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर असलेल्या माणसांचा आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला होता. तो वाचल्यावर बराच वेळ पुढचं पान उलटवलं नाही. मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी), सुकडी (वाटपाचं कोरडं खाणं), पाझर तलाव, नाला बांध, जनावरांच्या छावण्या... हे सगळं कादंबरीत यायलाच हवं.

(नंतरची भर: पुढच्या सहा महिन्यांचं नुकसान या शेवटच्या वाक्यापासून सुरू झालं.)

२ मे २०२०
टाळेबंदीत पहिला खर्डा पूर्ण. ९६,००० शब्द. नायक मस्टर कारकून, म्हणजे कामावरच्या मजुरांच्या हजेरीचं पुस्तक लिहिणारा. शिकलेला, मनानं हळवा, वर साहेब आणि खाली मजूर यांच्यामध्ये अडकलेला. १४० पानांच्या टिपणांतलं क्वचितच काही वाया गेलंय. मी खूश आहे.

२१ मे २०२०
आईला वाचता येत नाही, म्हणून गेले अठरा दिवस रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवत होते. ती जिथे पेंगली तिथे समासात पेन्सिलीची खूण केली. एकूण त्रेपन्न खुणा, त्यातल्या बहुतेक फायलींतून उतरवलेल्या मजकुरावर.

आज शेवटचं प्रकरण संपल्यावर म्हणाली, “कारकून लई चांगला काढलायस. पर त्यो सावलीत बसायचा.” थोडं थांबून म्हणाली, “ह्यात आमी कुठं हाय?”

दुसरी गोष्ट. माझ्या खर्ड्यात बाया डाव्या हातात दगड धरून उजव्या हातानं हातोडा मारतात. आई म्हणाली, “दगूड हातात धरून कोण फोडतंय? बोटं ऱ्हातील का?” तिनं जुन्या धडप्याचा पीळ घालून कडं केलं, जमिनीवर ठेवलं, त्यात दगड बसवला. कड्यामुळे दगड हलत नाही, चिपाही उडत नाहीत. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायचे. ९६,००० शब्दांत मी खडी फोडणारा हात एकदाही नीट पाहिला नव्हता.

२४ मे २०२०
तीन दिवस वहीला हात लावला नाही. आज ठरवलं: कारकून बाजूला. पहिल्या खर्ड्यातली अकरा पानं ठेवतेय, बाकी पेटीत. अकरा महिन्यांचं काम गेलं. वाईट वाटतंय.

नवी नायिका हिरा, वय तेरा. वय कमी म्हणून मस्टरवर तिचं नाव नाही. ती फोडते ती खडी आईच्या नावावर मोजली जाते. कादंबरीचं नावही त्यातूनच निघालं.

७ जून २०२०
ओळखीतून एका निवृत्त ओव्हरसीअरांचा नंबर मिळाला. ब्याऐंशी वर्षांचे, स्मरण लख्ख. पाऊण तास बोलले. दोन चुका जागच्या जागी पकडल्या.

एक, माझी पात्रं १९७३ साली ‘रोजगार हमीवर’ जातात. ते म्हणाले, लोक तेव्हा ‘दुष्काळी काम’ म्हणायचे, कचेरीत ‘स्केअरसिटी’. हमीचा कायदा १९७७चा, लागू झाला १९७९च्या जानेवारीत. हमीची योजना सुचवणाऱ्या वि. स. पाग्यांची कल्पना जुनी होती हे खरं, पण खडीवरच्या बाईच्या तोंडी तो शब्द नको.

दुसरी चूक ऐकून लाज वाटली. मी एका बाईला दिवसात एक ब्रास खडी फोडायला लावली होती. “अहो बाई, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. कुटुंबच्या कुटुंब बसलं तरी दिवसात होत नाही.” खर्ड्यात हा शब्द एकवीस ठिकाणी होता, कारण मला त्याचा आवाज आवडला होता. दुष्काळावर लिहिणाऱ्यांना सांगते, माप आणि मजुरीचे शब्द वापरण्याआधी ते काम केलेल्या माणसाला विचारा. फायलीत शब्द मिळतो, त्याचं वजन मिळत नाही.

१९ ऑक्टोबर २०२०
दुसऱ्या खर्ड्याची चाळीस पानं पुन्हा रद्द. निवेदनही बोलीत करून पाहिलं. संवादात बोली जिवंत वाटते, पण सलग निवेदनात दहाव्या पानानंतर मलाच ती ओढूनताणून आणलेली वाटायला लागली. हिरा मनाशी बोलते तेव्हा ठीक, ती नसलेल्या प्रसंगात कोण बोलतंय ते कळेना.

ठरलं ते असं: संवाद आणि हिराच्या मनातलं बोलीत, निवेदन साध्या मराठीत, पण वस्तूंची नावं गावचीच. घमेलं, टिकाव, चुंबळ, धडपा, उतरंड. बोलीचं लेखनही एकदाच पक्कं केलं. व्हतं, न्हाई, आलतो, गेलती, करायलीय. दोन पानांची यादी भिंतीवर चिकटवलीय.

१४ मार्च २०२१
तिसरा खर्डा पूर्ण, ७१,००० शब्द. पुन्हा आईला वाचून दाखवला. खुणा सहा. त्या सहाही जागा कापल्या. मिलो आलं की गावात काय झालं, हे आता एका भाकरीच्या प्रसंगात आहे. पहिल्या खर्ड्यात ते चौदा पानांत होतं.

२२ सप्टेंबर २०२१
एक प्रकरण सात दिवाळी अंकांकडे पाठवलं होतं, ऑगस्टच्या शेवटी. दोघांनी कळवलं की अंकाची पानं लागलीसुद्धा. दिवाळी अंकाचं साहित्य जूनमध्ये, फार तर जुलैच्या मध्यापर्यंत पोचायला हवं. एका छोट्या अंकानं घेतलं, मानधन १,५०० रुपये. (ते पुढच्या एप्रिलमध्ये मिळालं.)

जानेवारी ते नोव्हेंबर २०२२, एकत्र
सात प्रकाशकांकडे हस्तलिखित. झेरॉक्स, बाइंडिंग, कुरिअर मिळून ३,१०० रुपये. सुरुवातीला सगळ्यांना अख्खं बाड पाठवलं, ही चूक. नंतर दोघांनी सांगितलं की आधी दोन पानांचा सारांश आणि तीन प्रकरणं पुरतात. चार ठिकाणांहून काहीच उत्तर नाही. दोन नकार. त्यातल्या एका संपादकांनी मनापासून लिहिलं होतं: शेवट घाईत उरकलाय, पाऊस फार सोयीनं येतो. पत्र वाचून आधी राग आला, मग शेवट बदलला. पाऊस आता कादंबरीत पडतच नाही. हिरा सोळा वर्षांची होते आणि तिचं नाव मस्टरवर चढतं, तिथे कादंबरी थांबते. फुकटात मिळालेलं हे सगळ्यात मोलाचं संपादन.

३० नोव्हेंबर २०२२
सातव्या प्रकाशकांचा होकार. लेखिकेनं ३०० प्रती ४० टक्के सवलतीत घ्यायच्या. किंमत ३५० धरली तर ६३,००० रुपये मीच भरायचे. करारात भाषांतर, नाटक, चित्रपट, ध्वनिपुस्तक, सगळे हक्क कायमचे त्यांचे. रॉयल्टीचा रकाना मोकळा.

वकील असलेल्या एका माजी विद्यार्थ्याला करार दाखवला. त्यानं कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम समोर ठेवलं. हक्क लेखी द्यावे लागतात, मोबदला त्यात लिहावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, पण ‘कायमचे’ असं लिहून सही केली की ती मुदत मीच दिलेली असते. त्याचं म्हणणं, प्रत्येक हक्कापुढे वेगळी मुदत मागा. मागितली. त्यांनी नाही म्हटलं. मीही नाही म्हटलं.

त्या रात्री झोप लागली नाही. होकार आलेला सोडायला छातीत धडकी भरते. पण हिराच्या खडीचं मोल दुसऱ्याच्या नावावर लागतं, त्याची ही कादंबरी. तिचाच कागद मी असा सही करून देणार नव्हते.

६ मार्च २०२३
स्वतः छापायचं ठरलं. शाळेच्या पतसंस्थेतून ७०,००० रुपये कर्ज.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन राय नॅशनल एजन्सीकडून मिळतो, अर्ज ऑनलाइन, पैसे लागत नाहीत. “नंबर काढून देतो, पाच हजार द्या” म्हणणारे दोघे भेटले. देऊ नका. मला बावीस दिवस लागले, त्यातले दहा शीर्षकपानाची फाइल चुकीच्या आकारात चढवल्यामुळे.

१८ जून २०२३
या महिन्यातली माझी सगळ्यात मोठी चूक सविस्तर लिहिते.

मजकूर मी युनिकोडमध्ये टाइप केला होता. डीटीपीवाल्यांकडे (संगणकावर पानं लावणाऱ्यांकडे) जुन्या पद्धतीचा फॉन्ट, म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून गेला. त्यात ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ झालं, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’. आडव्या रफाराचा सगळीकडे बोऱ्या. घाई होती. मी म्हटलं, सगळीकडे ‘र्य’ शोधा आणि ‘ऱ्य’ घाला. मिनिटभरात झालं. पहिलं प्रूफ आलं तेव्हा दुष्काळाच्या कादंबरीत पानोपानी ‘सूऱ्य’. ‘काऱ्य’, ‘धैऱ्य’, ‘आश्चऱ्य’ही. २१४ जागा.

दुरुस्ती अशी केली: आधी ‘सूऱ्य’, ‘काऱ्य’ असा एकेक शब्द शोधून परत फिरवला, आणि उरलेलं हातानं तपासलं. चार दिवस गेले. शहाणपणाचं हेच की अशी बदली एकदम करायची नाही, प्रत्येक जागी थांबून हो-नाही म्हणायचं. शक्य असेल तर थेट युनिकोडमध्येच पानं लावणारा माणूस शोधा, थोडे जास्त पैसे गेले तरी.

डीटीपी २५६ पानांचे, पानाला ४० रुपये, १०,२४० रुपये.

२७ ऑगस्ट २०२३
मुद्रितशोधन, पानाला २० रुपये, ५,१२० रुपये. बाई अतिशय काटेकोर. पण पहिली साठ पानं आली तेव्हा हिरा प्रमाण मराठी बोलत होती. प्रत्येक ‘व्हतं’चं ‘होतं’, ‘न्हाई’चं ‘नाही’. त्यांचा दोष नाही. भिंतीवरची दोन पानांची यादी मी त्यांना दिलीच नव्हती. दिल्यावर त्यांनी साठही पानं जादा पैसे न घेता पुन्हा केली, वर माझ्या यादीतला घोळ दाखवला: ‘आलतो’ लिहिते आणि मध्येच ‘आल्तो’. बोलीत लिहिणाऱ्यानं ही यादी हस्तलिखिताच्या पहिल्या पानावरच जोडावी.

३ डिसेंबर २०२३
छपाई. ५०० प्रती, डेमी आकार, सोळा पानी सोळा फॉर्म. कागद, प्लेटा, छपाई, बांधणी मिळून ४२,५०० रुपये. मुखपृष्ठाच्या चित्राचे ६,००० वेगळे.

मुखपृष्ठ चित्रकारानं २४० पानं धरून केलं होतं. प्रुफानंतर अक्षर थोडं मोठं केलं, पानं २५६ झाली, ते मी त्याला कळवलं नाही. त्यात ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ग्रॅम, कागदाचं वजन) नॅचरल शेड कागद संपला म्हणून प्रेसनं विचारून ८० जीएसएम लावला. मी हो म्हटलं, कागद चांगला होता. पण पुस्तक जाड झालं. कव्हरं चढवल्यावर स्पाइन (पुस्तकाचा कणा) अडीच मिलिमीटर कमी, शीर्षक सरकून पुढच्या कडेवर. पाचशे कव्हरं पुन्हा छापली, ५,८०० रुपये आणि तेवीस दिवस.

प्रेसकडून त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची कोरी डमी बांधून घ्या. पट्टीनं मोजा. मगच मुखपृष्ठाचं माप द्या. डमीचे पैसे लागत नाहीत.

१४ जानेवारी २०२४
गठ्ठे घरी आले. समारंभ केला नाही. पहिली प्रत आईच्या मांडीवर ठेवली. अर्पणपत्रिकेवर तिचं पूर्ण नाव आहे, माहेरच्या आडनावासकट. तिचं बोट धरून त्या ओळीवरून फिरवलं. तिनं विचारलं, “मस्टरवर असंच लिवायचे का?” मी हो म्हटलं. मग तिनं माझा हात बाजूला करून स्वतः एकदा बोट फिरवलं.

संध्याकाळी १४३व्या पानावर एक ‘सूऱ्य’ सापडला. आठवडाभरात आणखी दोन.

९ फेब्रुवारी २०२४
अमळनेरच्या साहित्य संमेलनाहून परत. २ ते ४ फेब्रुवारी, प्रताप महाविद्यालयाच्या आवारात. ओळखीच्या विक्रेत्याच्या गाळ्यात अर्धं टेबल मिळालं. तीन दिवसांत ४१ प्रती, ३०० रुपयांनी. पहिल्या दिवशी सहाच गेल्या, कारण मी टेबलामागे गप्प बसून होते. दुसऱ्या दिवशी आईनं केलेलं धडप्याचं कडं, दगड आणि हातोडा टेबलावर ठेवला. वयस्कर बाया थांबायला लागल्या. एका आजींनी पुस्तक घेतलं नाही, पण दगड कड्यात बसवून दाखवला. आईपेक्षा वेगळ्या रीतीनं, डावीकडून तिरका. त्याचं टिपण केलंय.

भाडं, प्रवास, मुक्काम ४,७०० रुपये.

याच आठवड्यात १९५४च्या कायद्याप्रमाणे द्यायच्या चार प्रती पाठवल्या: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीची ठरलेली ग्रंथालयं. प्रकाशनापासून तीस दिवसांची मुदत असते. स्वतः छापणारे हे हमखास विसरतात.

२ जानेवारी २०२५
नोंदणीकृत पुस्तक-पाकिटाची स्वस्त टपाल सोय १८ डिसेंबरपासून बंद झाली. फोनवर मागणी नोंदवणाऱ्यांना मी ३०० रुपयांत घरपोच देत होते. आता एका प्रतीचं पाठवणं परवडत नाही. एका गावातल्या दोघा-तिघांनी मिळून मागवावं असं कळवायला लागलेय. लोक तसं करतातही.

३० जून २०२५
हिशेब. खर्च: डीटीपी १०,२४०, मुद्रितशोधन ५,१२०, चित्र ६,०००, छपाई ४२,५००, वाया गेलेलं कव्हर ५,८००. एकूण ६९,६६०. सोलापूर, झेरॉक्स आणि कर्जाचं व्याज यात नाही.

प्रती: ६० भेट, परीक्षण आणि कायद्याच्या. संमेलनात ४१. थेट मागणीवर १५८. शाळा-वाचनालयांना २२, प्रत्येकी २६०नं. वितरकांकडे १५०, निम्म्या किमतीत, विकली तर पैसे नाहीतर परत, या बोलीवर. त्यातल्या ६४चे पैसे आले, ३८ परत आल्या (नऊ कोपरे दुमडलेल्या), ४८ प्रतींचा पत्ता नाही. पावतीवर परतीची तारीख लिहून घेतली नव्हती, हा माझा निष्काळजीपणा.

टपालखर्च आणि संमेलनाचा खर्च वजा जाता जमा ६५,८२०. म्हणजे ३,८४० रुपये खिशातून. घरात १०७ प्रती.

पतसंस्थेचे सहा हप्ते बाकी आहेत. तरी पुन्हा हाच रस्ता धरेन. वितरकांकडे मात्र पन्नासच्या वर देणार नाही.

९ नोव्हेंबर २०२५
तालुक्याच्या दोन वाचनालयांत बोलावलं होतं. आईही आली, कडं घेऊन. प्रती ३१ उरल्या. दुसरी आवृत्ती डिजिटल छपाईत काढतेय, २०० प्रती, एकेकीला ११८ रुपये. प्लेटांचा खर्च नाही, म्हणून कमी प्रतीही चालतात.

दुरुस्त्यांची यादी: तीन ‘सूऱ्य’. १९व्या पानावर दगड कड्यात तिरका बसवायचा, अमळनेरच्या आजींसारखा, कारण हिराची आजी मूळची खानदेशची दाखवलीय. आणि पान ६१. तिथे हिराची आई मिलोचं पीठ साध्या पाण्यात मळून भाकरी थापते. जत, करमाळा आणि आष्टी अशा तीन गावांच्या बायांनी वेगवेगळ्या वेळी फोन करून हेच सांगितलं: त्या पिठाला चिकटपणा नव्हता, भाकरी हातातच तुटायची. आधण घालून मळावं लागायचं, आणि सरपण नसलं की तेही जमायचं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, “खरंय की. मला इसर पडला.”

तो परिच्छेद आज पहाटे पुन्हा लिहिला. चूल पेटवायला गोवरीचा अर्धाच तुकडा उरलाय, त्यावर आधण ठेवायचं की भाकरी भाजायची, इथून सुरू होतो. सात ओळी वाढल्या, पान ढळलं नाही, डीटीपीवाल्यांकडून तपासून घेतलं. स्पाइनसाठी डमी मागितलीय, ती मंगळवारी मिळेल.